वेंगुर्ल्यात बॅकपॅकिंग: कमी पैशात चार दिवस कसे फिरायचे

वेंगुर्ल्याला पाठीवर बॅग टाकून यायचंय आणि खिशात मोजकेच पैसे आहेत, तर हॉटेलच्या ऑफर शोधत बसू नका, त्याआधी इथला दिवस कसा चालतो ते समजून घ्या. आमच्याकडे गाडी वेळेची, मासळी वेळेची, खानावळ वेळेची आणि समुद्र तर वेळेचाच, या चार वेळा सांभाळल्या की माणूस अगदी कमी पैशात मस्त फिरतो. एक जरी चुकली की पेशल रिक्षा करावी लागते आणि जे पन्नास रुपयांत झालं असतं तिथे पाचशे जातात. मुंबई-पुण्याची मुलं येतात, उशिरा उठतात, अकराला आवरून स्टँडवर येतात, तोवर गावातल्या गाड्या जाऊन परत आलेल्या असतात, मग म्हणतात कोकण महाग झालं. कोकण महाग नाहीये हो, उशिरा उठणं महाग आहे.

वेंगुर्लाच का, तर मालवण-तारकर्लीला स्कूबा आहे, पॅरासेलिंग आहे, सगळं आहे, पण शनिवार-रविवारी तिथल्या खोल्यांचे भाव बघून पोटात गोळा येतो. वेंगुर्ला हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, बाजारपेठ आहे, एसटीचा डेपो आहे, बंदर आहे आणि हे सगळं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, त्यामुळे इथे बॅग टाकायची आणि रोज सकाळी एका दिशेला सुटायचं. मालवण सुद्धा इथून दिवसभरात करून येता येतं. रोज मुक्काम बदलायच्या भानगडीत पडू नका, प्रत्येक बदलात अर्धा दिवस आणि एक रिक्षा जातेच.

यायचं कसं. ट्रेनने या, दुसरा विचार करू नका. उतरायचं कुडाळ किंवा सावंतवाडी रोडला, दोन्हीकडून वेंगुर्ला वीस-पंचवीस किलोमीटर, पण कुडाळला जास्त गाड्या थांबतात आणि तिथून स्टँड जवळ पडतो, म्हणून मी तरी कुडाळच सांगेन. कोकणकन्या रात्री मुंबईहून सुटते आणि सकाळी पोचवते, म्हणजे एका रात्रीचं खोलीभाडं वाचलं आणि सकाळची एसटी पण मिळाली, बजेटवाल्यांसाठी यापेक्षा चांगली गाडी नाही. तुतारी मध्यरात्री दादरहून सुटते, तिने दुपार होते, चालतंय. मांडवी दिवसा येते, खिडकीतून बघायला सुंदर, पण पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायला येते, मग पुढच्या एसटीची घाई होते. स्लीपरचं तिकीट चारशेच्या आत बसतं. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं (पूर्वी १२० होते), त्यामुळे तारीख ठरली की त्याच दिवशी सकाळी ८ ला बसा, आणि नाहीच मिळालं तर तत्काळ, स्लीपरचं आदल्या दिवशी ११ ला. अगदीच हात आखडता असेल तर दिवा-सावंतवाडी आहे, पहाटे दिव्याहून निघते आणि प्रत्येक छोट्या स्टेशनावर थांबत थांबत संध्याकाळी येते, भाडं फार कमी, पण बसायला जागा मिळवायची तर लवकर जाऊन उभं राहायला लागतं आणि सोबत पाणी-डबा हवाच. गणपती आणि शिमग्याला मात्र फिरायला म्हणून येऊच नका, त्या दिवसांत या गाड्या चाकरमान्यांच्या असतात, त्यांना वर्षातून दोनदा घरी जायचं असतं आणि त्यांनाच जागा मिळत नाही. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू धावतात, वेळ बघूनच निघा.

आता एसटी, कारण सगळा खेळ एसटीवर आहे.

पोचल्या दिवशी खोलीवर जायच्या आधी वेंगुर्ला स्टँडवर जा आणि वेळापत्रकाच्या बोर्डाचा फोटो काढा. बोर्डावर जे लिहिलंय ते आणि जे धावतं ते नेहमी एकच असेल असं नाही, म्हणून मग चौकशीच्या खिडकीत जाऊन ज्या गावाला जायचंय त्याच्या जायच्या गाड्या विचारा आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे यायची शेवटची गाडी किती वाजता ते विचारा. गावागावातल्या फेऱ्या बऱ्याचशा शाळा-कॉलेजच्या वेळेला धरून असतात, सकाळी लवकर एक, दुपारी सुटताना एक, संध्याकाळी एक, तीच गाडी रात्री गावात वस्तीला राहते आणि सकाळी परत येते. यातून दोन गोष्टी निघतात. एक, रविवारी आणि शाळांच्या सुट्टीत यातल्या काही फेऱ्या बंद असतात, त्यामुळे लांबचं गाव रविवारी ठेवू नका, रविवार शहरात आणि बंदरावर घालवा. दुसरी, वस्तीच्या गाडीने संध्याकाळी गेलात तर त्या रात्री परत यायला गाडी नसते, हे चढतानाच कंडक्टरला विचारून घ्या. कंडक्टर ड्रायव्हरशी दोन शब्द नीट बोललात ना, "दादा, मोचेमाडला कुठे उतरू, परतीची गाडी कधी येईल," तर ते बरोबर फाट्यावर उतरवतात आणि कुठून किती चालायचं ते पण सांगतात. गुगलच्या नकाशापेक्षा त्यांचं ऐका.

बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, २०२३ च्या मार्चपासून, त्यामुळे मुलींचा ग्रुप असेल तर फिरण्याचा खर्च जवळपास निम्म्यावर येतो. आई-बाबांना घेऊन आलात तर ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं आणि ७५ च्या पुढे फुकट, ओळखपत्र जवळ ठेवा. 'आवडेल तेथे प्रवास' म्हणून चार आणि सात दिवसांचा पास पण मिळतो, बरेच जण तो घ्या म्हणून सांगतात, पण तो लांब लांब फिरणाऱ्यांना परवडतो. एका गावात राहून दहा-पंधरा किलोमीटरच्या फेऱ्या मारायच्या असतील तर सुटी तिकिटंच स्वस्त पडतात, साधा हिशेब करून बघा. सुटे पैसे मात्र भरपूर ठेवा, क्यूआर कोड आले असले तरी रेंज नसली की सगळं अडतं, आणि सकाळी सकाळी पाचशेची नोट पुढे केलेली कोणालाच आवडत नाही.

खोली. ऑनलाइन जे दिसतं ते सगळं समुद्राला लागून असतं आणि त्या समुद्राचेच पैसे लावलेले असतात. तुम्ही दिवसभर बाहेर असणार आहात, रात्री फक्त पाठ टेकायचीय, तर स्टँड आणि बाजाराच्या आसपासचा लॉज किंवा 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' असं लिहिलेलं घर बघा. सरकारची निवास-न्याहारी योजना आहे, त्यात नोंदलेली घरं सुद्धा चांगली असतात. दोघांत साधी पंख्याची खोली हजार-बाराशे धरून चला, सोमवार ते गुरुवार आलात तर कमी होते, २४ डिसेंबर ते १ जानेवारी आणि मे महिन्यात जवळजवळ दुप्पट. फोनवर बोलताना तीन गोष्टी विचारा: स्टँडपासून चालत किती लांब, चेकआऊट नंतर बॅग ठेवता येईल का, आणि बाजारातून मासे आणून दिले तर करून द्याल का. तिसऱ्याला हो म्हणणारं घर मिळालं तर दुसरीकडे बघूच नका.

आता खाणं, यावर मी जरा जास्त बोलणार.

सकाळचा नाश्ता बाहेरच करा. घावणे आणि चटणी, आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ, नाहीतर उसळ-पाव आणि चहा, साठ-सत्तर रुपयांत पोट भरतं आणि दुपारपर्यंत भूक लागत नाही. खोलीच्या भाड्यात 'ब्रेकफास्ट' मिळतो म्हणून टोस्ट-बटर खात बसू नका. रस-शिरवळ्या (नारळाच्या गोड रसातल्या तांदळाच्या शेवया) किंवा खापरोळी (तशाच रसातली जाळीदार आंबोळी) कुठल्या घरी मिळणार असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा. हे ऐनवेळी होत नाही, नारळ खवायचा, रस काढायचा, त्यात गूळ-वेलची, त्या बाईचा सगळा सकाळचा वेळ जातो, म्हणून त्याचे पैसे पण नीट द्या, घासाघीस करू नका.

दुपारची थाळी हे मुख्य जेवण. साडेबारा ते दोन, या वेळात खानावळीत जा, तेव्हा सगळं ताजं आणि गरम असतं, अडीचनंतर जाल तर चांगला मासा संपलेला असतो आणि उरलेलं महागातलं तेवढं दाखवतात. आणि इथे लोक चुकतात ते असं की कोकणात आलो म्हणजे सुरमई नाहीतर पापलेट, हे डोक्यात बसलेलं असतं. सुरमईची थाळी चारशेच्या पुढे, पापलेट तर आकारावर, हॉटेलवाला सांगेल तो भाव. आमच्या घरात रोज कोण पापलेट खातं? आम्ही खातो बांगडे, तारले, पेडवे, मांदेली, सौंदाळे, लेपे. तारल्यांचं तिरफळ घातलेलं तिखलं आणि उकड्या तांदळाचा भात, वर सोलकढी, हे एकदा खाल्लं की सुरमईचं नाव काढणार नाही तुम्ही. बांगडा थाळी दोनशेच्या आसपास मिळते आणि बांगडा ताजा असेल तर त्याच्यासारखी चव दुसऱ्या माशाला नाही, हे मी मनापासून सांगते. म्हणून खानावळीत शिरल्यावर मेनूकार्ड मागू नका, "आज काय आलाय?" विचारा. मासे खात नसाल तर काळजी नको, शाकाहारी थाळी स्वस्तात मिळते, आणि फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आलात तर ओल्या काजूची उसळ शोधून खाच, ओले काजूगर बाजारात शेकड्यावर विकतात, सोलणाऱ्या बायकांच्या बोटांची चिकाने सालं निघतात, त्यामुळे महाग वाटले तरी ते महाग नाहीत.

रात्री हलकं. दुपारी नीट जेवलात तर रात्री भजीपाव, पेज, नाहीतर फळं. वडे-सागोती, म्हणजे वडे आणि मटणाचा नाहीतर कोंबडीचा रस्सा, एकदा खायचीच, पण ती चौघांत दोन प्लेट मागवा, वडे जास्तीचे घ्या.

मासळी बाजार बघायला पैसे लागत नाहीत आणि शिकायला खूप मिळतं. होड्या आल्या की बंदरावर लिलाव होतो, तिथे मोठी मासळी मोठे व्यापारी उचलतात. तुम्ही बाजारात बसलेल्या बायकांकडे जा, छोटे मासे तिथे वाट्यावर मिळतात, "काकी, बांगडे कशे दिलास?" असं विचारा, मोडकी मालवणी बोललात तरी त्या खुश होतात आणि एखादा बांगडा वर टाकतात. अगदी सकाळी किनाऱ्यावर कुठे रापण ओढत असतील तर थांबा. लांबलचक जाळं अर्धगोल टाकलेलं असतं आणि दोन्ही टोकांना माणसं उभी राहून ते वाळूवर ओढतात, तास तास चालतं, दोर धरायला हात लावलात तर कोणी नको म्हणत नाही. फोटो मात्र विचारून, त्यांच्या पोटापाण्याचं काम चाललेलं असतं. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदी असते, त्या दिवसांत खानावळीत जो मासा मिळतो तो बहुतेक बर्फातला, तेव्हा सुक्या मासळीचं किस्मूर, खुबे-तिसरे (शिंपले) असलं काहीतरी खा, ते जास्त चांगलं लागतं.

पहिला दिवस गावातच चालत काढा. बाजारपेठेतून सुरू करा, जुनी कौलारू घरं, लाकडी गॅलऱ्या, दुकानांच्या पुढच्या फळ्या. वेंगुर्ल्याला पण क्रॉफर्ड मार्केट आहे बरं का, ब्रिटिशांच्या काळातलं, भाजी-फळं तिथेच घ्या. डचांची वखार सतराव्या शतकातली, आता पडक्या अवस्थेत आहे, भिंती आणि झाडांची मुळं एकमेकांत गुंतलीत, दहा मिनिटं बघून होते पण हे गाव एकेकाळी केवढं मोठं बंदर होतं ते तिथे उभं राहून कळतं. ऊन उतरलं की बंदरावर जा, दीपगृहाच्या टेकडीवरून खाली जेटी आणि सगळा किनारा दिसतो, मग झुलत्या पुलावरून नवाबागच्या बाजूला जा, तिथे कोळी लोकांची वस्ती आहे, जाळी विणत बसलेले असतात. सागरेश्वरचा किनारा संध्याकाळसाठी, सुरूची झाडं आहेत आणि गर्दी कमी. या सगळ्यात खर्च काय तर एक चहा. एक सांगते, वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेने कचऱ्याचं काम फार छान केलंय, ओला-सुका प्लास्टिक सगळं वेगळं घेतात, जुन्या कचरा डेपोच्या जागी आता लोक फिरायला जातात, तेव्हा चिप्सची पाकिटं किनाऱ्यावर टाकून त्यांच्या मेहनतीवर पाणी फिरवू नका. पाण्याची बाटली सोबत ठेवा आणि खोलीवर, खानावळीत भरून घ्या.

दुसरा दिवस दक्षिणेकडे, शिरोड्याच्या गाडीने. ही वाट मला सगळ्यात आवडते. सकाळची शिरोडा गाडी पकडा आणि आधी आरवलीला उतरा, वेतोबाचं देऊळ रस्त्यालगतच आहे. देव रात्री गावाची राखण करत फिरतो अशी श्रद्धा, म्हणून त्याला चामड्याच्या मोठाल्या चपला वाहतात आणि नवसाचे केळीचे घड, देवळात ते बघितलं की लहान मुलांचे तर डोळे मोठे होतात. मार्चमध्ये आलात तर आरवली-आसोलीच्या बाजूला सुरंगीचे वळेसार, म्हणजे सुरंगीच्या फुलांचे गजरे, मिळतात, वास दिवसभर बॅगेला राहतो. तिथून सागरतीर्थच्या किनाऱ्यावर उतरा आणि वाळूवरूनच चालत वेळागरपर्यंत जा, ओहोटीला वाळू घट्ट असते, चपला हातात घ्यायच्या आणि चालायचं. वेळागरला सुरूच्या बनात बसून डबा खा. मग शिरोड्यात मिठागरं बघा, याच मिठागरांवर १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला होता आणि उन्हाळ्यात आलात तर मिठाचे पांढरे ढीग अजून दिसतात. वेळ आणि गाडी दोन्ही असतील तर पुढे रेडीला जा, तिथला गणपती १९७६ मध्ये लोहखनिजाच्या खाणीच्या जागेत सापडलेला, आणि यशवंतगड पण तिथेच, झाडीत हरवलेला. रेडीहून परतीची गाडी विचारून मगच गडावर चढा. दिवसाचा प्रवासखर्च शंभर-दीडशेत आटोपतो, पेशल रिक्षाने हेच करायला गेलात तर हजाराच्या वर.

ओहोटी म्हटलं तर ती कशी ओळखायची ते पण सांगते, कारण किनाऱ्यावरून चालायचं असेल तर हे यायलाच हवं. कॅलेंडरवर तिथी बघा, तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा, आलेला आकडा म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि सहा तासांनी, नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे बाराला ओहोटी. तासभर मागेपुढे धरा, आमच्याकडे मुंबईपेक्षा थोडं आधीच होतं. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, पाणी खूप वर येतं आणि खूप आत जातं, अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, फार वर-खाली होत नाही. खडक ओलांडून पलीकडच्या छोट्या किनाऱ्यावर गेला असाल तर भरती चढायच्या आत परत या, नाहीतर पलीकडेच अडकाल. आणि पोहायचं असेल तर आधी तिथल्या माणसाला विचारा, तो नको म्हणाला तर नको, त्यावर वाद घालू नका. पावसाळ्यात पाण्यात पाय सुद्धा घालू नका.

तिसऱ्या दिवशी उत्तरेला जायचं आणि इथे मात्र मी स्कूटर घ्या म्हणेन, कारण वायंगणी, कोंडुरा, निवती, भोगवे ही ठिकाणं एसटीने एका दिवसात जमत नाहीत. भाडं दिवसाला चार-पाचशे आणि पेट्रोल, दोघांत विभागलं की परवडतं. लायसन्स आणि हेल्मेट पाहिजेच, रस्ते अरुंद, वळणं आंधळी, समोरून डंपर येतात, हॉर्न देत चला. वायंगणीच्या किनाऱ्यावर थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, गावकरी आणि वनखातं मिळून ती घरटी सांभाळतात, साधारण फेब्रुवारीपासून पिल्लं समुद्रात सोडतात, तुमच्या नशिबात असेल तर दिसेल, पण फ्लॅश मारायचा नाही आणि पिल्लाला हात लावायचा नाही. निवतीचा किल्ला लहानसा आहे, पण वरून भोगव्याचा किनारा जो दिसतो त्यासाठी ऊन चढायच्या आधी पोचा. येताना वालावलला लक्ष्मीनारायणाच्या देवळात थांबा, तळं, माड आणि शांत गाभारा, उन्हातून आल्यावर फार बरं वाटतं.

मालवण करायचं असेल तर चौथा दिवस. सकाळच्या गाडीने जा, थेट नसेल तर कुडाळवरून बदलून, आणि पहिलं काम सिंधुदुर्ग किल्ला. महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर याचं काम सुरू केलं, चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. शिवराजेश्वराचं मंदिर आणि चुन्यात उमटलेले महाराजांच्या हातापायाचे ठसे बघायला विसरू नका. होडीवाले साधारण तासाभराची वेळ देतात, ४८ एकरांच्या किल्ल्याला ती पुरत नाही, म्हणून बसायच्या आधीच विचारा की नंतरच्या होडीने आलो तर चालेल का. वेगळी होडी करू नका, जेटीवर सीट भरायची वाट बघा. पावसाळ्यात होड्या बंद असतात. स्कूबाच्या नादाला लागलात तर बजेट तिथेच संपेल, करायचंच असेल तर त्यासाठी वेगळे पैसे बाजूला काढून या.

संध्याकाळी करमणूक काय, तर कार्तिक महिन्यापासून पुढे आलात तर दशावतार. गावोगाव जत्रा लागतात आणि देवळापुढे रात्री उशिरा नाटक सुरू होतं ते पार पहाटेपर्यंत, तिकीट नाही, जाऊन बसायचं. आधी आडदशावतार, त्यात गणपती येतो, संकासुर येतो, मग मुख्य आख्यान. पायपेटी, पखवाज आणि झांज एवढ्यावर सगळं उभं राहतं, लिहिलेले संवाद नसतात, नट उभ्या उभ्या रचून बोलतात, दोन राजे एकमेकांना शास्त्रार्थात असे भिडतात की आजूबाजूची म्हातारी माणसं 'व्वा' म्हणून मांडीवर थाप मारतात. बाईची भूमिका करणारा पुरुष नट शेजारीच आरसा घेऊन स्वतःचा रंग स्वतः लावत असतो, मध्यंतरात दिसला तर लांबूनच बघा. कुठल्या गावात कधी जत्रा आहे हे चहाच्या टपरीवर विचारा, पंचांगावर ठरतं. आता बजेटचा भाग असा की रात्री परत यायला गाडी नसते, मग शाल घेऊन जा, जत्रेत भजी-चहा आणि खाजा खा, पहाटे नाटक संपल्यावर गावातून सुटणाऱ्या पहिल्या गाडीने परत या. शेवटच्या रात्री हे केलंत तर खोलीचं भाडं पण वाचतं, बॅग आधीच्या घरी ठेवून जायची.

कधी यायचं तर नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी, ख्रिसमसचा आठवडा सोडून. मे मध्ये आंबे-फणस-करवंदं असतात पण उकाडा असा की दुपारी बाहेर पडवत नाही आणि घरं पाहुण्यांनी भरलेली. पावसाळ्यात खोल्या सगळ्यात स्वस्त, हिरवंगार, पण किनारा आणि होड्या विसरायच्या, देवळं, धबधबे आणि गरम भजी यातच ज्याला आनंद आहे त्याने यावं.

दोघं जण असाल तर माणशी रोजचा हिशेब असा पडतो: खोली पाच-सहाशे, खाणं चारशे, एसटी आणि किरकोळ दीडशे, म्हणजे अकराशेच्या आसपास. चार दिवस, जाता-येता ट्रेन आणि एक दिवस स्कूटर धरून साडेपाच-सहा हजारांत होतं, एकटे आलात तर खोलीचा बोजा वाढतो. बॅगेत बुटांऐवजी चामडं नसलेल्या मजबूत चपला, एक पंचा, टोपी, टॉर्च कारण लाईट जाते, डासांचं मलम, आणि पाणी शिरणार नाही अशी एक पिशवी. रोख रक्कम गावातच काढून ठेवा, शिरोड्याच्या पुढे आणि निवतीच्या बाजूला एटीएमवर अवलंबून राहू नका.

घरी न्यायला काजू, कोकम आगळ, आमसुलं घ्या. हायवेवरच्या चकाचक दुकानात न घेता बाजारपेठेत किंवा महिला बचत गटांच्या स्टॉलवर घ्या, पैसे थेट करणाऱ्या बाईच्या हातात जातात आणि माल पण चांगला असतो. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र काजूच्या जातींसाठी प्रसिद्ध आहे, वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ ही नावं तिथलीच, घरी जागा असेल आणि पावसाच्या तोंडावर आलात तर कलमांची चौकशी करा.

परतीला रात्रीची कोकणकन्या असेल तर कुडाळची शेवटची एसटी पकडू नका, तिच्या आधीची पकडा, रस्त्यात काही झालं तर हातात एक गाडी उरते. कुडाळला लवकर पोचलात तर स्टँडच्या आसपास जेवून घ्या, आणि ज्या घरी राहिलात त्या काकींना दुपारीच सांगून सकाळसाठी चार घावणे आणि सुकी चटणी बांधून घ्या, पनवेलला जाग येते तेव्हा भूक लागलेली असते.